चैत्र डोंगर चढतो

घाई नसेल तेव्हाच हे वाचायला घ्या. सकाळचा चहा झालेला असावा, फोन दुसऱ्या खोलीत असावा, खिडकीतून थोडा उजेड येत असावा. पाठ टेकून बसा. डावा हात मांडीवर उताणा ठेवा.

त्या तळव्यावर एक वाळलेली गुच्छी आहे असं समजा. बोटाच्या दोन पेरांएवढी. भाजलेल्या जिऱ्याचा रंग. वजन म्हणाल तर भुईमुगाच्या रिकाम्या टरफलाइतकं. अंगभर खळगे आहेत, मधाच्या पोळ्यासारखे, पण पोळ्याची शिस्त त्यांना नाही. कुठे लांबट, कुठे वाटोळे, कुठे दोन खळगे एकमेकांत मिसळलेले. खाली पांढुरका, सुरकुतलेला देठ. नाकाजवळ न्या. आधी धूर येतो, मग जंगलातली जुनी माती, आणि अगदी शेवटी अक्रोडाच्या सालीसारखं काहीतरी.

आता देठ नीट पाहा. त्याला एक बारीक भोक आहे.

या भोकापाशी थोडं थांबू या. कुणीतरी सुई घेऊन हिच्यात दोरा ओवला होता. एकामागून एक अशा तीस-चाळीस गुच्छ्या ओवून माळ केली होती आणि ती हिमाचलातल्या एखाद्या लाकडी घरात, खोली ऊबदार ठेवणाऱ्या पत्र्याच्या तंदूरवर, छताच्या तुळईला बांधली होती. धुराचा वास तिथला. दहा किलो ओल्या गुच्छ्यांची जेमतेम किलोभर सुकी गुच्छी होते, म्हणजे तुमच्या हातात जे आहे त्याच्या नऊ पट पाणी त्या खोलीतल्या हवेत निघून गेलं. माळेत येण्याआधी ती पाठीवरच्या किल्ट्यात, म्हणजे टोपलीत होती, किंवा ओढणीच्या टोकाला बांधलेली होती. त्याच्याआधी मातीत. आणि त्याच्याही आधी त्या मातीवर बर्फ होता.

तो दोरा धरून आपण आज उलटं जाणार आहोत, बर्फापर्यंत. सावकाश.

*

गुच्छी कुठे मिळते आणि केव्हा मिळते, हे दोन प्रश्न नवखा माणूस एका दमात विचारतो. मीही विचारले होते.

कुठे, याचं पुस्तकी उत्तर सोपं आहे. हिमालयाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. काश्मीरमधलं कुपवाडा, चिनाबच्या अंगाचे डोडा, किश्तवाड आणि भद्रवाह. तिथून पूर्वेला हिमाचलमध्ये चंबा, कुल्लू, मंडी, शिमला, किन्नौर. पुढे उत्तराखंडातले उत्तरकाशी-चमोलीचे डोंगर. काश्मिरी माणूस तिला कनगुछ म्हणतो, बाकी सगळीकडे गुच्छी. शास्त्रात मॉर्केला. पट्टा साधारण 1800 मीटरपासून 3500 मीटरपर्यंतचा. आपलं कळसूबाई 1646 मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राची सगळ्यात उंच जमीन जिथे संपते, त्याच्याही वर दीडशे मीटर गेल्यावर गुच्छीचं घर सुरू होतं. आपल्या रानात ती का भेटत नाही, ते एवढ्यावरूनच कळावं.

केव्हा, याचंही उत्तर पुस्तकात आहे: मार्च ते मे, उंचावर जूनच्या सुरुवातीपर्यंत. आपण गुढी उभारतो त्या सुमारास तिथल्या खालच्या उतारांवर पहिली गुच्छी वर येते. आपल्याकडे वैशाखवणवा पेटतो तेव्हा ती वरच्या तोशच्या जंगलात असते. तोश म्हणजे हिमालयातला फर.

पण ही दोन उत्तरं घेऊन डोंगरात गेलात तर रिकाम्या हातांनी परत याल. कारण डोंगरावर हे दोन प्रश्न नसतातच. तिथे कुठे म्हणजेच केव्हा.

हे जरा मुरू द्या. डोळे मिटले तरी चालतील.

एका खोऱ्याच्या तळाशी तुम्ही उभे आहात. एप्रिल अर्धा झालाय. नदीकाठच्या जर्दाळूचा बहर गळून गेलाय, फांद्यांवर मणभर नाही पण मण्याएवढी हिरवी फळं धरलीत. आता वर चाला. अर्ध्या तासानं सफरचंदाच्या बागा येतात आणि त्या ऐन फुलात आहेत, पांढऱ्या फुलांना कडेने गुलाबी छटा. मधमाश्यांचा आवाज ऐका. आणखी चढा. इथल्या सफरचंदाच्या फांद्यांवर नुसत्या राखाडी कळ्या आहेत. त्याच्या वर बुरांसचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे, लाल झुपके. त्याच्याही वर अक्रोडाची झाडं अगदी उघडी, थंडीतच असल्यासारखी. आणि मग वळणापलीकडे, देवदारांच्या सावलीत, मळकट बर्फाचा पहिला तुकडा.

तुम्ही दोन तास चाललात आणि महिनाभर मागे गेलात. एप्रिलमधून निघून मार्चमध्ये पोचलात. परत उतरायला लागलात की दिवस पुन्हा पुढे सरकतील.

अँड्र्यू हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी याचा हिशेब मांडला होता. दर 400 फूट चढलं की वसंत साधारण चार दिवस उशिरा येतो. हिशेब अमेरिकेतल्या डोंगरांवरून काढलेला. हिमालयात नाळेनाळेत ऊन वेगळं पडतं, त्यामुळे तो आकडा तंतोतंत लागू होत नाही. पण त्यामागचं चित्र मला फार आवडतं. वसंत एका रात्रीत सगळीकडे येत नाही. तो पायी येतो. डोंगराच्या पायथ्याशी येतो आणि रोज शंभर फूट, कधी त्याहून कमी, असा वर चढत राहतो. त्याच्या पुढे बर्फ मागे हटत असतो. आणि हटणारा बर्फ व चढणारा वसंत यांच्यामध्ये जो थोडा रुंद पट्टा राहतो, तिथे गुच्छी उगवते. पट्टा सरकतो तशी तीही सरकते.

म्हणून गुच्छी वेचणारी माणसं तारीख विचारत नाहीत. बर्फ कुठवर गेला, एवढंच विचारतात.

त्यातही एक बारकावा आहे. दक्षिणेकडे तोंड करून असलेला उतार आधी तापतो. समोरचा, उत्तरेकडे तोंड केलेला, दोन-तीन आठवडे मागे असतो. मधून ओढा वाहतो. एकाच ओढ्याच्या दोन काठांना दोन वेगळे महिने. या काठावरची गुच्छी वाळून माळेत गेलेली असते तेव्हा त्या काठावरची अजून जमिनीत असते. पलीकडे जायला एक ओंडका टाकलेला असतो, बस. या महिन्यातून त्या महिन्यात जायला एक ओंडका.

*

आता मातीला हात लावा.

मनातल्या मनात का होईना, खरंच लावा. कुजलेली पानं बाजूला सारून तळवा टेकवा. माठातल्या पाण्याइतकी गार लागली, पण बोटं आखडली नाहीत, तर वेळ योग्य आहे. शास्त्रज्ञ ते मोजून सांगतात की मातीचं तापमान 10 अंश सेल्सियसच्या आसपास यायला हवं. अमेरिकेतल्या खेड्यांतले लोक सांगतात की ओकचं पान खारीच्या कानाएवढं झालं की मॉरेल शोधायला निघावं. मॉरेल म्हणजे गुच्छीच, तिथल्या जातीची. खारीचा कान हे माप मला तापमापीपेक्षा खात्रीचं वाटतं, कारण झाड आणि गुच्छी एकाच मातीतून ऊब मोजत असतात.

माती ओली हवी, पण पाणी साचलेली नको. आजूबाजूला देवदार, कैल, रई किंवा तोश. दाट काळोख्या जंगलात कमी, जिथे झाडांमधून उन्हाची तिरीप खाली येते अशा कडेला जास्त. पडून कुजत चाललेल्या खोडांच्या आसपास. ओढ्याच्या काठच्या रेताड मातीत. जुन्या बागांमध्ये. कधी गेल्या वर्षी वणवा लागून गेलेल्या जागी. उत्तर अमेरिकेत तर जळलेल्या जंगलांत पुढच्याच वसंतात गुच्छीच्या काही जाती इतक्या येतात की वेचणारे वणव्यांचे नकाशे घेऊन फिरतात.

या सगळ्या खुणा मला पाठ होत्या. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, बंजारच्या वरच्या अंगाला, मी त्या घेऊनच चढले होते. दोन तास फिरले. माती योग्य, झाडं योग्य, बर्फ मागे हटून आठवडा झालेला. एकही दिसली नाही.

खालून एक अम्मा आली. पट्टू नेसलेली, डोक्याला ढाठू, पाठीवर किल्टा. वय सत्तरच्या पुढे. तिनं मी काय करतेय ते थोडा वेळ पाहिलं. माझे पाय पाहिले, कारण मी जिथे उभी होते तिथली सगळी पानं मी तुडवली होती. मग म्हणाली, "बैठ जा, बेटी."

तेवढंच म्हणाली. मी बसले. तुम्हीही बसा.

उताराकडे पाठ करून नको. वर तोंड करून बसा, म्हणजे चढाचा भाग डोळ्यांच्या पातळीला येईल. उभ्यानं पाहिलं की गुच्छीचा नुसता माथा दिसतो आणि तो कुजलेल्या पानासारखा असतो. बसल्यावर ती बाजूनं दिसते, तिला देठ असतो, उंची असते, मागे सावली पडते. पण आत्ताच तिला शोधू नका. आधी बाकीचं पाहून घ्या.

समोर देवदाराच्या सुया पडल्या आहेत. जुन्या राखाडी, नव्या तांबूस. त्यांच्यामध्ये देवदाराच्या फळाचे सुटे झालेले खवले, पंख्याच्या आकाराचे. गेल्या शरदातली पानं बर्फाखाली दाबून एकमेकांना चिकटली आहेत, जुन्या वहीची ओली पानं चिकटतात तशी. एका दगडावर शेवाळ. मेंढ्यांच्या लेंड्या, म्हणजे इथून गद्दी लोकांचे कळप जातात. एक पान हललं. खाली किडा असेल. ऊन सरकतंय. मघाशी दगडावर होतं, आता मुळावर आलंय.

नजर कुठेही रोखू नका. स्वयंपाकघरात उकळत्या दुधाजवळ उभं राहून आपण दुसरं काम करतो आणि तरी दुधावर लक्ष असतं, तशी ठेवा.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. अम्मा माझ्या शेजारीच बसली होती, काही न बोलता. आणि मग मला दिसली. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. दोन तासांत मी तिच्यावर पाय दिला नव्हता हेच नवल.

ती दिसल्यावर जे झालं ते ज्यांनी गुच्छी वेचली आहे ते सगळे सांगतात, पण स्वतःला होईपर्यंत पटत नाही. तिच्या डावीकडे दुसरी होती. वर, मुळाच्या कुशीत, दोन. पुढे तीन. सगळ्या मघापासून तिथेच. पुस्तकातल्या चित्रात मी गुच्छी शंभर वेळा पाहिली होती, पण या उतारावरची, या उन्हातली, या पानांमधली गुच्छी कशी दिसते ते माझ्या डोळ्यांना पहिल्या गुच्छीनं शिकवलं. त्यानंतर बाकीच्या आपोआप दिसल्या.

खाली वाका. अगदी जवळून पाहा. जिवंत गुच्छी वाळलेलीपेक्षा फिकट असते, ओल्या वाळूच्या रंगाची. खळग्यांच्या कडा गडद, आतला भाग उजळ. एका खळग्यात दवाचा थेंब अडकलाय आणि त्या थेंबात देवदाराचा शेंडा उलटा लटकलाय. दुसऱ्या खळग्यातून टाचणीच्या डोक्याहून लहान किडा बाहेर आला, कडेवर क्षणभर थांबला आणि टुणकन उडून गेला. बोटानं हलकेच दाबलं तर ती किंचित आत जाते आणि पुन्हा वर येते, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखी.

या खळग्यांच्या अस्तरात, डोळ्याला दिसणार नाहीत अशा लाखो नळ्या उभ्या आहेत, प्रत्येकीत आठ बीजाणू. पिकले की नळ्या ते हवेत उडवतात. उन्हाच्या तिरिपेत कधी गुच्छीवरून धुराची बारीक रेघ निघाल्यासारखं दिसतं, ती हीच. आपण जी वेचतो ती केवळ फळ आहे. झाड जमिनीखाली आहे.

तिथे जरा उतरू या. पानांच्या खाली, मुळांच्या मधून, सुतापेक्षा कितीतरी बारीक धागे पसरले आहेत. त्यांनी गेल्या उन्हाळ्यात आणि शरदात अन्न गोळा केलं आणि थंडी येण्याआधी ते लहान-लहान टणक गाठींमध्ये साठवून ठेवलं. वर चार-पाच फूट बर्फ पडला. गाठी त्याखाली थांबल्या. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. वर वादळं झाली, फांद्या मोडल्या. खाली काळोख आणि एकसारखी थंडी. मग बर्फाचं पहिलं पाणी झिरपत त्यांच्यापर्यंत आलं, मागून ऊब आली, आणि त्या साठवलेल्या अन्नावर ही गुच्छी वर आली. दोन-तीन आठवड्यांत तिचं सगळं आटोपतं.

काही वर्षी गाठी असूनही गुच्छी येत नाही. बर्फ कमी पडला, किंवा लवकर वितळून माती वाळली, की वेचणारे रिकाम्या किल्ट्यांनी उतरतात. बर्फ हीच त्यांची पेरणी. पाऊस न आलेल्या मृगात आपल्या शेतकऱ्याचं जे होतं तेच त्यांचं होतं.

*

गडगडलं की गुच्छी येते, असं तिथे सगळे मानतात. ढग जितके गरजतील तितकी जास्त.

हे ऐकताना मी एकदम सिंधुदुर्गात पोचले होते, आजीच्या मागच्या दारी. मृगाचा पाऊस पडून गेला, रात्री विजा कडाडल्या, की आजी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायची. कुठे ते सांगायची नाही. वारुळाच्या कडेला आलेली अळंबी घेऊन यायची, फणसाच्या पानात झाकून. गोव्यात त्यांना रोण अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. त्या अळंब्यांचं आणि गुच्छीचं नातं तसं लांबचं. ती म्हणजे वाळवी आपल्या वारुळात जोपासते त्या बुरशीची फळं, आणि गुच्छीचं कूळच वेगळं, ती यीस्टच्या घराण्यातली. तरी दोन्हीकडच्या बायका आभाळाचा आवाज ऐकूनच निघतात.

आणि त्यांच्या कितीतरी आधी कालिदास. मेघदूतात यक्ष मेघाला त्याच्या गर्जनेचं मोठेपण सांगतो, ते असं की तिच्यामुळे भूमी शिलींध्रांनी भरून येते आणि फळती होते. शिलींध्र म्हणजे भूछत्र. कोणी टीकाकार तिथे कंदलीचं फूल घेतात. मी भूछत्रच घेते, कारण मी आजीला पाहिलंय.

जपानमध्ये इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी शिताके अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे अतिशय तीव्र पण क्षणिक झटके देऊन पाहिले. झटके मिळालेल्या ओंडक्यांवर पीक जास्त आलं. गुच्छीचा असा प्रयोग माझ्या वाचनात नाही आणि गडगडाटाबरोबर येणाऱ्या पावसाचाही यात वाटा असणार. पण आता वीज चमकली की मी आवाज येईपर्यंत श्वास धरून थांबते, आणि जमिनीखाली ते धागेही हाच आवाज ऐकत असतील, असं मनात येतंच.

*

गुच्छी वर आली. आता ती घ्यायची कशी?

अम्मानं देठ जमिनीलगत चिमटीत धरून नखानं तोडला. मुळाची माती तिथेच राहू दिली. प्रत्येक जागच्या एक-दोन म्हाताऱ्या, कडा वाळलेल्या, तशाच ठेवल्या. मग उठली तेव्हा ज्या दगडांवर पाय देऊन आली होती त्याच दगडांवरून परत गेली. हे मला महत्त्वाचं वाटलं. स्वित्झर्लंडमध्ये 1975 पासून कितीतरी वर्षं एका जंगलात अळंबी वेचून पाहण्याचा प्रयोग चालला. तोडल्यानं पुढच्या वर्षीची अळंबी कमी झाली नाहीत, उपटली काय किंवा कापली काय. तुडवल्यानं मात्र कमी झाली. जंगल हातापेक्षा पायाला घाबरतं, हे अम्माला आधीच माहीत होतं. म्हणून तिनं माझे पाय पाहिले होते.

गुच्छी उभी चिरा. शेंड्यापासून देठाच्या टोकापर्यंत आत एकच पोकळी असते, पडदा नाही, कापसासारखा गर नाही. टोपी आणि देठ एकजीव. ही ओळख डोळ्यांत पक्की बसू द्या, कारण तिच्यासारखी दिसणारी दुसरी अळंबी त्याच ऋतूत येते, जायरोमिट्रा. तिच्या अंगावर खळगे नसतात, मेंदूसारख्या वळ्या असतात, आणि तिच्यातल्या विषाचं शरीरात जे होतं ते रॉकेटच्या इंधनात वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या जातीचं असतं. जाणत्या माणसानं पाहिल्याशिवाय रानातलं कोणतंही अळंबं तोंडात घालू नका. आणि खरी गुच्छीसुद्धा कधीही कच्ची खायची नाही. अमेरिकेत माँटाना राज्यात 2023 च्या वसंतात एका उपाहारगृहात कच्ची आणि अर्धकच्ची गुच्छी खाऊन 51 जण आजारी पडले, त्यांतले दोन दगावले. नीट, पूर्ण शिजवायची. हे मी मननाच्या मध्येच सांगतेय, कारण ज्या वस्तूपाशी आपण इतका वेळ बसलो तिची ताकदही आपल्याला ठाऊक हवी.

*

उतरताना अम्मा थोडं बोलली. मी तिला विचारलं, इथून वर, मोठ्या जंगलात अजून खूप असेल ना? ती वर पाहत राहिली.

वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. 1999 मध्ये तिथल्या गावकऱ्यांच्या हक्कांचा निवाडा होऊन उद्यान पक्कं झालं आणि आत गुरं चारणं, जडीबुटी काढणं, गुच्छी वेचणं थांबलं. 2014 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. ते जंगल राखलं गेलं याचा मला आनंद आहे. तिथे मोनाल उडताना पाहिलेला माणूस दुसरं काही म्हणूच शकणार नाही. पण वसंतातल्या दोन महिन्यांच्या गुच्छीवर ज्या घरांत वर्षाचं मीठ-तेल, मुलांची फी, लग्नाचं कर्ज चालायचं, त्या घरांतल्या बायकांना आता उद्यानाच्या बाहेरच्या पट्ट्यातच शोधावं लागतं, आणि तिथे वेचणारे हात वाढले. ही गोष्ट मनात बाजूला सारू नये. सुक्या गुच्छीचा भाव किलोला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातो, आणि त्यातला अम्मापर्यंत किती पोचतो हे तिच्या घराच्या छपराकडे पाहून कळतं.

गुच्छीची शेती आता होते. चीनमध्ये ती मोठ्या प्रमाणावर पिकते, आणि आपल्याकडे सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयानं 2021 मध्ये ती उगवून दाखवली. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून हे साधलंय. उद्या शेतातली गुच्छी स्वस्त होईल, कदाचित तुमच्या-माझ्या स्वयंपाकात नेहमीची होईल. जंगलावरचा भार हलका झाला तर चांगलंच. मला काळजी तंदूरवरच्या त्या माळेची वाटते. तिला तेव्हाही काही मोल राहावं.

निघताना मी अम्माला त्या नाळेचं नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि लगेच म्हणाली, "लिखना मत." म्हणून इथे लिहिलेलं नाही.

*

पुन्हा तुमच्या खोलीत या. पाठ टेकलेली आहे, डावा हात मांडीवर आहे, तळव्यावर ती वाळलेली गुच्छी.

एक काचेची वाटी घ्या. कोमट पाणी घाला, फार गरम नको. गुच्छी त्यात सोडा. आधी ती तरंगेल, कारण ती पोकळ आहे. मग एकेका खळग्यातून बुडबुडा सुटेल. पाहत राहा, उठू नका. पाच मिनिटांत सुरकुत्या सैल होतात. देठ फुगतो, दोऱ्याचं भोक जवळजवळ बुजतं. पाण्याला सौम्य चहाचा रंग येतो. तंदूरवरच्या हवेत गेलेलं पाणी तिला परत मिळतंय, निराळ्या नळाचं, निराळ्या नदीचं. अर्ध्या तासानं ती वाटीत उतारावरच्यासारखीच उभी राहील, थोडी तिरकी.

ती बाहेर काढून उभी चिरा, आतून धुऊन घ्या. पुलाव करा किंवा दह्याची यखनी, काश्मीरमध्ये दोन्ही होतात. वाटीतलं पाणी टाकू नका. वरून अलगद नितळून घ्या, ते भातात जाऊ द्या, सगळा वास त्यात आहे. हळूहळू वाटी कलती करा. शेवटचा घोट तसाच राहू द्या.

तळाशी चिमूटभर रेती बसलेली असेल. ती बोटाच्या टोकावर घ्या आणि खिडकीपाशी जा. उन्हात बोट थोडं फिरवा. रेतीतले अभ्रकाचे कण लुकलुकतात.

ही त्या नाळेतली माती.